परसबागेची आखणी : उंची, ऊन आणि शेजार

बीड जिल्ह्यात बाग म्हटली की पहिला विचार पाण्याचा होतो, आणि तो योग्यही आहे. बीड शहरालगतची खजाना विहीर १५८२ च्या सुमारास बांधली गेली. तिचे पाणी भुयारी मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, बागायतीला पोहोचविण्याची योजना त्या काळी करण्यात आली होती. बालाघाटाच्या माथ्यावरील हलकी मुरमाड जमीन, सातशे मिलिमीटरपेक्षा कमी सरासरी पर्जन्यमान आणि १९७२, २०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ यांसारखी दुष्काळी वर्षे यांचा अनुभव घेतलेल्या या जिल्ह्याला पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

तथापि घरामागील परसात भाजीपाला व फुलझाडे लावताना पाण्याच्या जोडीला आणखी एका गोष्टीचा विचार आधी करावा लागतो आणि तो बहुधा राहून जातो. ही गोष्ट म्हणजे उंची. कुंपण किती उंच असावे, वेलाचा मांडव कोठे घालावा, शेवगा कोणत्या बाजूस लावावा, हे ठरविल्याशिवाय वाफे पाडले तर निम्मे वाफे हिवाळ्यात सावलीत राहतात. त्याहून वाईट म्हणजे, आपल्या मांडवाने शेजाऱ्याच्या अंगणातील ऊन अडते. प्रारंभी कुरबुर होते, पुढे फांद्या तोडल्या जातात आणि शेवटी प्रकरण ग्रामपंचायतीपुढे येते. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा हेतूच असे किरकोळ वाद गावपातळीवर मिटविण्याचा होता. परसबागेपुरते बोलावयाचे तर, वाद उद्भवू नये यासाठी लागणारे शहाणपण एका काठीने व एका दोरीने मोजता येण्याजोगे आहे.

परसबाग कशासाठी?

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीच्या दैनंदिन आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच माणसांच्या कुटुंबाला या हिशेबाने रोज दोन किलोच्या आसपास भाजी लागेल. प्रत्यक्षात भाकरीबरोबर पिठले, वरण किंवा ठेचा यांवर अनेक घरांतील जेवण भागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. हिरव्या पालेभाज्या, शेवग्याचा पाला, चवळी आणि त्यांच्या जोडीला लिंबू यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात घ्यावयास हवे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे पालेभाजीतील लोह शरीरात अधिक चांगले शोषले जाते.

एका परसातून कुटुंबाची सर्व भाजी निघेल अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. परंतु बाजाराच्या दोन दिवसांमधील काळात ताटात हिरवे काही पडावे आणि देवपूजेच्या फुलांसाठी पैसे मोडावे लागू नयेत, एवढे काम लहान परसही चोख करू शकते.

नियम काय सांगतात?

नगरपरिषद व नगरपंचायत क्षेत्रांत राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०२० लागू आहे. तिच्यातील कुंपणभिंतीविषयीची तरतूद परसबाग करणाऱ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. दर्शनी रस्त्याच्या मध्यरेषेपासून मोजता कुंपणभिंतीची उंची १.५ मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट, ठेवता येते. वरचा ०.९ मीटर भाग जाळी किंवा गज लावून आरपार दिसेल असा ठेवल्यास एकूण उंची २.४ मीटरपर्यंत नेता येते. दोन रस्ते मिळतात अशा कोपऱ्यावरील जागेत, कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंस १० मीटर अंतरापर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरहून उंच असू नये. त्यावरील भाग खुल्या स्वरूपाचा असावा.

या शेवटच्या तरतुदीमागील कारण उघड आहे. वळणावर येणारे वाहन दुसऱ्या रस्त्यावरील माणसाला दिसले पाहिजे. हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गावातील बोळांच्या तोंडाशी वळतात, त्या वेळी कोपऱ्यावर माजलेली मेंदी किंवा जास्वंद ही भरीव भिंतीइतकीच धोकादायक ठरते. म्हणून कोपऱ्याच्या जागेत झेंडू, अबोली, शेवंती अशी कमरेखालच्या उंचीची झाडेच लावणे इष्ट होय.

गावठाणात बांधकामावरील नियंत्रण व रस्त्यातील अडथळे यांबाबतचे अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुक्रमे कलम ५२ व ५३ खाली ग्रामपंचायतीकडे आहेत. रस्त्यावर पुढे आलेले काट्यांचे कुंपण हा अडथळाच होय, याची जाणीव कुंपण घालतानाच ठेवावी.

येथे एक बाब स्पष्ट केली पाहिजे. कुंपणासंबंधीची ही तरतूद भिंतीची उंची ठरविते. वेल, मांडव किंवा शेवगा किती वाढू द्यावा याविषयी ती काही सांगत नाही. ही उणीव शेजाऱ्याशेजाऱ्यांतील समजुतीनेच भरून काढावी लागते. त्या समजुतीला आधार मिळतो तो सूर्याच्या गतीचा.

एका काठीचा हिशेब

बीड जिल्हा उत्तर अक्षांशाच्या सुमारे १९ अंशांवर आहे. मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो व काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. त्यानंतर सूर्य दक्षिणेकडे कलू लागतो. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही तो क्षितिजापासून केवळ साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. त्या दिवशी एक मीटर लांबीची काठी सपाट जमिनीवर उभी केल्यास तिची मध्यान्हीची सावली उत्तरेकडे सुमारे ९१ सेंटिमीटर पडते. घड्याळात ही वेळ साधारण बारा वाजून पंचवीस मिनिटांची असते. साडेदहा ते अडीच या वेळात सावली पूर्वेस किंवा पश्चिमेस सरकली, तरी उत्तरेकडील तिची मजल काठीच्या उंचीएवढीच राहते.

मेथी, पालक, कोथिंबीर, टोमॅटो व कांदा ही हिवाळ्यातील मुख्य पिके ज्या काळात वाढतात, त्याच काळात सावली सर्वांत लांब असते. यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, उंच झाडे व मांडव परसाच्या उत्तर बाजूस असावेत, म्हणजे त्यांची सावली आपल्या वाफ्यांवर पडत नाही.

दुसरी, दक्षिणेकडे १.५ मीटर उंचीची भिंत असल्यास तिच्या पायथ्याचा सुमारे १.४ मीटर रुंदीचा पट्टा हिवाळाभर सावलीत राहतो. तेथे पालेभाजी लावून निराश होण्यापेक्षा सावली मानवणारी झाडे लावावीत.

तिसरी गोष्ट शेजारधर्माची आहे. आपल्या दृष्टीने सोयीची असलेली उत्तर बाजू ही उत्तरेकडील शेजाऱ्याची दक्षिण बाजू असते. आपण उत्तरेला उंच मांडव घातला तर त्याची सावली नेमकी त्याच्या अंगणात जाते. म्हणून एक सोपा दंडक पाळावा : कुंपणभिंतीपेक्षा मांडव किंवा झाड जितके उंच, तितके ते भिंतीपासून आत असावे. भिंत १.५ मीटर आणि मांडव २ मीटर असेल तर तो अर्धा मीटर आत घ्यावा. तसे केल्यास भर उन्हाच्या वेळी शेजाऱ्याकडे जाणारी सावली भिंतीच्याच सावलीइतकी राहते, तिच्यात भर पडत नाही. भिंत नसून नुसते तारेचे कुंपण असेल, तर मांडवाच्या पूर्ण उंचीइतके अंतर सोडावे.

हा दंडक कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. परंतु ग्रामसभेत समजावून सांगितल्यास तो कोणासही पटण्याजोगा आहे, कारण ज्याच्या उत्तरेस शेजारी आहे त्याच्या दक्षिणेसही बहुधा कोणी तरी राहतच असते.

आखणीचे एक उदाहरण

जिल्ह्यातील अनेक घरे पूर्वाभिमुख असून त्यांच्या मागे, म्हणजे पश्चिमेस, परस असते. असे एक परस दक्षिणोत्तर ८ मीटर व पूर्वपश्चिम ६ मीटर असून त्याच्या उरलेल्या तीन बाजूंस १.५ मीटरची भिंत आहे असे समजू.

उत्तरेकडील भिंतीपासून अर्धा मीटर जागा मोकळी सोडावी. तेथून मांडवाची देखभालही करता येते. त्यानंतर एक मीटर रुंद व दोन मीटर उंच मांडव घालावा. त्यावर पावसाळ्यात दोडका, कारले, दुधी भोपळा आणि हिवाळ्यात वाल किंवा घेवडा चढवावा. दोन मीटरहून उंच मांडव सोयीचाही नसतो. हात पोहोचत नाही, फळे जून होतात आणि कीड लवकर ध्यानात येत नाही.

मांडवाच्या दक्षिणेस अर्ध्या मीटरची वाट सोडून सव्वादोन मीटर रुंदीत मध्यम उंचीची, म्हणजे एक ते दीड मीटरपर्यंत वाढणारी झाडे घ्यावीत : भेंडी, गवार, वांगी, मिरची व काठीचा आधार दिलेले टोमॅटो. भेंडीसाठी परभणीच्या कृषि विद्यापीठाने विकसित केलेला ‘परभणी क्रांती’ हा वाण मराठवाड्यात परिचित आहे. वाफ्याच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी हात पोहोचावा यासाठी या पट्ट्याचे दोन भाग करावेत.

त्यापुढे अरुंद वाट आणि दोन मीटर रुंदीत बुटकी पिके : मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, कांदा, मुळा, तसेच मराठवाड्यात आवडीने खाल्ली जाणारी करडईची कोवळी भाजी. ही सर्व एकदम न पेरता दहा ते बारा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरावीत. एकदम पेरल्यास आठवडाभर मेथीच मेथी आणि पुढे महिनाभर काहीच नाही, अशी स्थिती होते.

दक्षिणेकडील भिंतीलगतच्या सावलीच्या पट्ट्यात अळू, पुदिना, हळद व पानओवा लावावा. कंपोस्टचा खड्डाही येथेच घ्यावा. सावलीमुळे तो लवकर सुकत नाही.

राहिली पश्चिम बाजू. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तीननंतरचे ऊन भाजीपाल्यास होरपळून टाकते. त्या वेळी विरळ पानांचा शेवगा किंवा हादगा पश्चिमेस असल्यास वाफ्यांवर चाळणीतून यावी तशी सावली पडते. या झाडासही वरील दंडक लागू करावा. तीन मीटरपर्यंत वाढू द्यावयाचा शेवगा उत्तर व पश्चिम या दोन्ही भिंतींपासून दीड मीटर आत असावा. रोप पाऊण ते एक मीटर झाल्यावर त्याचा शेंडा खुडावा आणि दरवर्षी शेंगांचा बहर संपल्यावर छाटणी करावी. न छाटलेला शेवगा वर्षाभरात घराच्या वर जातो, शेंगा काढण्यासाठी त्यावर चढावे लागते आणि त्याचे ठिसूळ लाकूड माणसाचे वजन पेलत नाही. विजेच्या तारांखाली शेवगा, पपई यांसारखी उंच झाडे मुळीच लावू नयेत.

आंबा, चिंच, जांभूळ अशा मोठ्या वृक्षांना लहान परसात स्थान देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. नागरी क्षेत्रात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू असून वाढलेले झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. वृक्षांचे रक्षण हे कर्तव्यच आहे, आणि म्हणूनच वृक्ष लावताना त्याला आयुष्यभर पुरेल अशी जागा द्यावी. बालाघाटाच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. छाटणी करून त्याची उंची आटोपशीर ठेवता येते, म्हणून परसात एखादे फळझाड हवेच असल्यास सीताफळ किंवा कागदी लिंबू यांची निवड करावी.

फुलझाडांचे स्थान

फुलझाडांना परसात शोभेपलीकडेही काम आहे. दोडका, कारले व भोपळा यांची नर व मादी फुले निरनिराळी असतात. मधमाश्या व अन्य कीटक आले नाहीत तर फळधारणा होत नाही. मांडवाजवळ तुळस, झेंडू व गोकर्ण असल्यास कीटकांची ये-जा वाढते. टोमॅटोच्या ओळींमध्ये झेंडू लावल्यास फळे पोखरणारी अळी काही प्रमाणात झेंडूकडे ओढली जाते. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमींनाही काही अंशी आळा बसतो. जुलैमध्ये रोपे तयार केल्यास दसरा-दिवाळीला घरचीच फुले मिळतात.

जास्वंद, तगर व मेंदी ही कुंपणालगत लावावीत, पण वर्षातून दोन वेळा कापून कुंपणाच्या उंचीत ठेवावीत. कण्हेर सर्वांगाने विषारी आहे आणि शेराचा चीक डोळ्यांस इजा करतो. लहान मुले व शेळ्या यांचा वावर असलेल्या परसात ही दोन्ही टाळावीत.

पाण्याचा ताळेबंद

वर वर्णिलेल्या परसात प्रत्यक्ष पिकाखालील जागा सुमारे २४ चौरस मीटर भरते. हिवाळ्यात तिला दिवसाला सुमारे १०० लिटर व भर उन्हाळ्यात दुप्पट पाणी लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचा निकष ठरविला. पाच माणसांच्या घराला त्यानुसार २७५ लिटर पाणी मिळावयास हवे. आंघोळीचे व भांडी धुतल्याचे पाणी गोळा केले तर त्यातून हिवाळ्यातील बाग निभावू शकते. उन्हाळ्यात मात्र बाग एक तृतीयांशावर आणणे हेच शहाणपणाचे. सर्व वाफे अर्धवट तहानलेले ठेवण्यापेक्षा दोन वाफे नीट जगविणे चांगले.

सांडपाणी थेट पालेभाजीवर सोडू नये. न्हाणीचे पाणी प्रथम खडी-वाळूच्या लहान खड्ड्यातून गाळून कर्दळ व अळू यांच्याकडे न्यावे आणि पुढे चर काढून फळभाज्यांच्या मुळांशी द्यावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर, मुळा व कांद्याच्या पातीस स्वच्छ पाणीच वापरावे. दुधी किंवा कारल्याच्या आळ्यात झिलई नसलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून ठेवल्यास पाणी हळूहळू पाझरते आणि तीन-चार दिवस पुरते. वाफ्यांवर पाचट किंवा वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन घटते. पावसाळ्यात ४० चौरस मीटरच्या पत्र्यावर २० मिलिमीटरची एक सर पडली, तरी पन्हाळीवाटे सातशे लिटरच्या आसपास पाणी टाकीत येऊ शकते.

बंद घरांचे परस

बीड जिल्ह्याचे एक वास्तव या नियोजनात विसरून चालणार नाही. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी असंख्य कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. हिवाळी भाजीपाल्याचा सारा हंगाम ही घरे एकतर बंद असतात किंवा वृद्ध व शाळकरी मुलांच्या भरवशावर असतात. अशा घरांना मेथी-टोमॅटोचे वाफे सुचविण्यात अर्थ नाही. त्यांच्या परसात कमी पाण्यावर तग धरणारी बहुवर्षायू झाडे असावीत : शेवगा, हादगा, कढीपत्ता, लिंबू, सीताफळ. पावसाळ्याच्या चार महिन्यांत गवार, चवळी, अंबाडी, भेंडी व तांदुळजा यांचा भर द्यावा. जाण्यापूर्वी शेवगा छाटावा, आळ्यांत आच्छादन घालावे आणि पुरलेल्या मडक्यांत पाणी भरण्याचे काम शेजाऱ्यावर सोपवावे. ज्याचे ऊन आपण अडविलेले नाही, असा शेजारी हे काम आनंदाने पत्करतो. गावी राहिलेल्या आजी-नातवंडांना तेवढ्याच झाडांचा पाला, शेंगा व लिंबे यांचा आधार होतो.

शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांसाठी

२०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणाऱ्या शालेय आहार योजनेत शाळांच्या परसबागांना उत्तेजन देण्यात येते. शाळेच्या आवारात एक मीटरची काठी रोवून दर महिन्याच्या २२ तारखेस तिची सर्वांत आखूड सावली मुलांकडून मोजून घ्यावी आणि भिंतीवर तिची नोंद ठेवावी. भूगोल व गणित यांचा तो उत्तम पाठ होईल. शिवाय मुलांच्या तोंडून हा हिशेब घरोघरी पोहोचेल. बियाणे, रोपे व कीड-नियंत्रण यांविषयी दिघोळअंबा (ता. अंबाजोगाई) व खामगाव (ता. गेवराई) येथील कृषि विज्ञान केंद्रांचा सल्ला घेता येईल.

ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत तीन बाबींवर सहमती घडवून आणावी : बोळांच्या कोपऱ्यांवरील झाडोरा कमरेच्या खाली ठेवणे, कुंपणापेक्षा उंच असलेले मांडव व झाडे तितकीच आत घेणे, आणि वर्षातून दोन वेळा, पोळ्यापूर्वी व संक्रांतीपूर्वी, कुंपणाची छाटणी करणे. दंडाची तरतूद करण्यापेक्षा सदस्यांनी प्रथम आपल्या परसात हे करून दाखवावे. नवा मांडव घालू इच्छिणाऱ्याने खांब रोवण्यापूर्वी उत्तरेकडील शेजाऱ्यास बोलावून काठी उभी करावी व सावली त्याच्यासमक्ष मोजावी. खांब रोवण्याआधी दोन वीत सरकविणे सोपे असते. वेल फळावर आल्यानंतर ते कोणालाच सोपे राहत नाही.